मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांना गोव्याचा इतिहास कसा शिकवावा?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथीचा माझा जोडवर्ग एकाच खोलीत भरतो आणि दोन्ही इयत्ता मिळून पट सतरा मुलांचा आहे. त्यांपैकी दहा-अकरा मुले गावातलीच आहेत, एक ख्रिस्ती मुलगी शाळेच्या समोरच्याच घरात राहते, आणि उरलेली मुले कामधंद्यासाठी कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांतली आहेत. त्यांत एक मुसलमान मुलगाही आहे. या वयात इतिहास हा वेगळा विषय नसतो, तो परिसर अभ्यासात मिसळलेला असतो, हे मला ठाऊक आहे. परंतु १८ जूनचा क्रांतिदिन, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, ३० मेचा घटकराज्य दिन आणि गावची जत्रा ही निमित्ते वर्षभर येतच राहतात, मुले प्रश्न विचारतात, आणि मला उत्तर द्यावेच लागते. यंदा मी जत्रेच्या आधी चार तासिका राखून ‘आपल्या गावाचा इतिहास’ शिकवायचे ठरवले. तो प्रयत्न अर्धवट राहिला, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली अडचण काळाची आहे. ‘फार वर्षांपूर्वी’ म्हणजे मुलांच्या मनात एकच मोठी कोठी असते आणि पांडव, शिवाजी महाराज, पोर्तुगीज, आजोबांचे बालपण हे सारे त्या कोठीत एकमेकांना खेटून बसलेले असतात. शिवाजी महाराजांनी १६६८ साली नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा बांधवले, असे मी सांगितले, तेव्हा चौथीतल्या एका हुशार मुलाने विचारले की त्या वेळी माझे आजोबा तिथे गेले होते का. कदंब राजांविषयी सांगू लागले तर सगळा वर्ग हसला, कारण त्यांच्या लेखी कदंब म्हणजे सकाळी साडेसातची ‘कदंब’ नावाची सरकारी बस. ‘पणजी म्हणजे आजीची आई’ हे समजावतानाही एकाने पणजीला जाणाऱ्या बसचीच वेळ सांगितली. सनावळ्या पाठ करून घेणे मला पटत नाही आणि सन अजिबात न सांगता पुढे-मागे कसे समजावावे, तेही उमगत नाही.

दुसरी अडचण आख्यायिकांची आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि बाण पडला ती बाणावली, ही गोष्ट मुले घरून घेऊन येतात. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, तसे म्हणण्याचा मला अधिकारही वाटत नाही. पण ती आणि १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा बेट घेतले ही हकिकत एकाच फळ्यावर एकाखाली एक लिहिली तर मुलांनी त्यांच्यातला फरक कसा ओळखावा?

तिसऱ्या अडचणीमुळे मात्र माझी झोप उडाली आहे. आमच्या भागातील पुष्कळ दैवते मूळची इथली नाहीत. मंगेशाचे मूळ स्थान कुठ्ठाळी, म्हणजे जुने कुशस्थळी. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या ताब्यातील देवळे मोडली, तेव्हा भाविकांनी मूर्ती नदीपार नेल्या, एवढे मी अतिशय जपून, कोणाविषयी कडवट शब्द न वापरता सांगितले होते. मधल्या सुटीत एका मुलाने त्या ख्रिस्ती मुलीला म्हटले, “तुमच्या लोकांनी आमचे देऊळ मोडले.” ती रडली नाही, भांडलीही नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती माझ्या टेबलाजवळ आली आणि तिने विचारले, “बाई, तेव्हा आम्ही कोण होतो?”

त्या प्रश्नाचे उत्तर मी आजपर्यंत दिलेले नाही. ‘मग सांगते’ म्हणाले आणि वेळ मारून नेली. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हा भाग सांगावा की नाही, सांगायचा तर कोणत्या शब्दांत, आणि त्या मुलीला काय सांगावे, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे. तयार पाठटाचण नको आहे, अनुभव हवा आहे.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक, डिचोली

बाई, काळाच्या अडचणीपासून आरंभ करतो, कारण ती सुटली की बाकीच्या दोन अडचणींची धार थोडी कमी होते.

मी सुतळी वापरत असे. एक वर्ष म्हणजे एक सेंटीमीटर, एवढाच नियम. एका टोकाला ‘आज’ अशी गाठ मारायची आणि प्रत्येक मुलाने आपल्या वयाइतके अंतर पट्टीने मोजून आपली चिठ्ठी लावायची. आठ-नऊ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम एका बोटाची लांबी. मग आई-वडील, मग आजी. गोवा मुक्त झाला ते १९६१ साल साधारण ६५ सेंटीमीटरवर येते आणि मुले चकित होतात, कारण पुष्कळांच्या आजीची चिठ्ठी त्याच्या अलीकडेच पडलेली असते. डॉक्टर लोहियांची मडगावची १९४६ची सभा त्याच्या पुढे फक्त पंधरा सेंटीमीटर. शिवाजी महाराजांचे नार्वे गाठायला साडेतीन मीटरांहून अधिक चालावे लागते, आणि १५१० साल पाच मीटरांच्याही पलीकडे जाते. पोर्तुगीजांची ४५१ वर्षे म्हणजे साडेचार मीटर सुतळी. ती मी तांबड्या रंगात बुडवलेली वापरत असे आणि मुलांना तिच्या कडेने चालायला लावत असे. ‘साडेचारशे वर्षे’ हे शब्द ऐकून मुलाच्या मनात काहीच उमटत नाही, पण आपल्या बोटभर आयुष्याशेजारी दहा-बारा पावलांची तांबडी सुतळी पाहून ते गप्प होते.

माझी एक चूकही सांगतो. पहिल्या वर्षी मी सगळ्या चिठ्ठ्या स्वतः लिहून लावल्या, सुतळी भिंतीवर सुंदर दिसली, साहेबांनी तपासणीत कौतुक केले, आणि मुलांना काहीही कळले नाही. सुतळी मुलांनीच मोजली पाहिजे, चुकली पाहिजे, पुन्हा मोजली पाहिजे. त्यात एक तासिका पूर्ण जाते, ती जाऊ द्यावी.

दुसरे असे की घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे मुलांना पाठवा, पण “मुक्तीविषयी सांगा” असा प्रश्न देऊन पाठवू नका. त्यावर माणसे भाषण करतात किंवा “आम्हांला काय कळत होते” म्हणून मोकळी होतात. प्रश्न बारीक असावा. शाळेत कशी जात होता, पायांत काय असायचे, दुकानात कोणते नाणे चालायचे, नदी कशी ओलांडायचात? एका मुलीच्या पणजीने सांगितले की बोरीचा पूल पडल्यावर किती दिवस माणसे होडीने जात-येत होती. पोर्तुगीजांनी माघार घेताना तो पूल उडवला होता, हे मग मला सांगता आले. आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. मुक्तीच्या वेळी जी दहा वर्षांची होती ती माणसे आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.

प्रतिसाद: माध्यमिक शाळेतील इतिहास शिक्षक, बार्देश

सुतळीची कल्पना उत्तम आहे. तिसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत वेगळे आणि स्पष्ट आहे: हा भाग प्राथमिक शाळेत शिकवूच नये. धर्मांतर, १५६० साली सुरू झालेले इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप असलेल्यांना शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय), देवळांचा विध्वंस हे समजण्यासाठी राज्यसत्ता आणि धर्मसत्ता यांतील नाते कळावे लागते, आणि ते आठवी-नववीतही कष्टानेच कळते. त्याआधी सांगितले तर मुले त्यातून फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ एवढेच उचलतात. तुमच्या वर्गात नेमके तेच घडले आहे. खाजन शेती (खाडीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून केलेली शेती) शिकवा, बांध शिकवा, भरतीच्या पाण्याने आपोआप बंद होणारी आणि ओहोटीला उघडणारी मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, दाखवा. गावकऱ्यांनी शतकानुशतके एकत्र येऊन बांध राखले, हा इतिहास नव्हे काय? राजांपेक्षा तो मुलांना अधिक जवळचा आहे.

प्रतिसाद: पालक, कुंकळ्ळी

मी शिक्षक नाही, दोन मुलांची आई आहे, तरीही लिहिते, कारण त्या मुलीचा प्रश्न वाचून मला आमचा गाव आठवला.

वरील सरांचा मुद्दा समजतो. पण मुले हे शाळेत ऐकत नाहीत असे थोडेच आहे? ती जत्रेत ऐकतात, ओसरीवर ऐकतात, मोबाइलवर ऐकतात, आणि तिथे कोणी शब्द जपून वापरत नाही. शाळा गप्प राहिली तर मुलांकडे फक्त तेवढेच उरते.

आमच्या कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्याच काळात फातर्प्याला गेली. आजही फाल्गुनात ती वाजतगाजत आपल्या मूळ गावी येते. बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या, गुलाल, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी. त्या गर्दीत ख्रिस्ती गावकरीही असतात, आणि ते पाहुणे म्हणून आलेले नसतात, कारण ते त्याच वांगडांचे वंशज आहेत. १५८३ साली इथल्या गावकऱ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा पुढाऱ्यांना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार मारले. त्यानंतर ज्यांनी धर्म बदलला आणि ज्यांनी बदलला नाही, ती सारी एकाच गावची, पुष्कळदा एकाच घरची माणसे होती. माझ्या मुलाला मी हे असे सांगितले: एका घरात दोन भाऊ होते. बाहेरून बळकट राजा आला आणि म्हणाला, इथे राहायचे असेल तर माझा देव माना. एक भाऊ देव घेऊन नदीपलीकडे गेला, त्याचे शेत सुटले. दुसरा भाऊ शेत राखून मागे राहिला, त्याचा देव सुटला. दोघांचेही काहीतरी सुटले. मुलाने लगेच विचारले, “मग देऊळ कोणी मोडले?” मी म्हटले, राजाच्या माणसांनी.

त्या मुलीला, बाई, मला वाटते, सरळ सांगावे: तेव्हा तुम्ही इथलेच होता, आणि मोडले ते देऊळ तुमचेही होते.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक, डिचोली

बार्देशच्या सरांशी मी अर्धा सहमत आहे. इन्क्विझिशन हा शब्दही चौथीत आणू नये. परंतु देव का हलले, हा प्रश्न फोंड्यातल्या मुलाला टाळता येत नाही, कारण त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर ते देऊळ उभे आहे. कुंकळ्ळीच्या ताईंच्या गोष्टीत एकच भर घालतो. देव हलले तेव्हा हा अंत्रुज महाल, म्हणजे तुमचा फोंड्याचा परिसर, विजापूरच्या आदिलशहाच्या राज्यात होता. म्हणजे देव घेऊन निघालेल्या माणसांना एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात आसरा मिळाला. तुमच्या वर्गात एक मुसलमान मुलगा आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगितले. सुलतानाला संत ठरवण्याची गरज नाही, तो कोणत्या बाजूचा होता हेही सांगण्याची गरज नाही. नकाशावर नदीच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, एवढे दाखवले तरी ‘आम्ही-तुम्ही’ची सरळ रेघ मुलांना काढता येत नाही.

प्रतिसाद: प्राथमिक शिक्षिका, सांगे

आख्यायिकांच्या प्रश्नावर कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी फळ्याचे दोन भाग करते. एका बाजूला ‘सांगतात’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सापडले’. परशुराम ‘सांगतात’खाली येतो. साखळीजवळच्या हरवळ्याच्या गुंफांना लोक पांडवांच्या गुंफा म्हणतात, तेही ‘सांगतात’खाली. पण गुंफा जांभ्या दगडात कोरलेल्या आहेत, आत शिवलिंगे आहेत, हे डोळ्यांना दिसते, म्हणून ते ‘सापडले’खाली येते. मुले कुठलीच बाजू हिणवत नाहीत. उलट, एकदा हा खेळ समजला की ती मला पकडतात: “बाई, हे तुम्हांला कुणी सांगितले की सापडले?” हा प्रश्न ऐकला की मला माझे काम थोडे तरी झाल्यासारखे वाटते.

जमल्यास मुलांना उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी घेऊन या. कातळावर कोरलेले बैल, मोर, माणसे आणि ते मोठे गोल चक्रव्यूहासारखे चित्र पाहायला पुस्तक लागत नाही. ती चित्रे हजारो वर्षांपूर्वीची आहेत. तुमची सुतळी तिथपर्यंत न्यायची म्हटली तर वर्गाचे दार ओलांडून मैदानात जावी लागेल. पावसाळ्यात मात्र आणू नका, नदीचे पाणी चढते आणि कातळ शेवाळून निसरडा होतो.

धागालेखिका:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

सुतळी मुलांनीच मोजली. दोनदा चुकली, कारण एका गटाने पट्टीवरच्या शून्याऐवजी एकापासून मोजायला सुरुवात केली होती. गणिताचीही एक तासिका त्यात वसूल झाली. तांबडी सुर्ला गावातल्या कदंबांच्या काळातील महादेवाच्या देवळापर्यंत, म्हणजे सुमारे आठ मीटरांपर्यंत, गेलो तेव्हा सुतळी व्हरांड्यात पोहोचली. मुलांनी घरून वस्तू आणल्या, त्यांत एक मोडकी आदोळी (विळी) आणि पोर्तुगीज काळातील दोन नाणी होती. नाणी ‘सापडले’च्या बाजूला ठेवायची यावर सर्वांचे एकमत झाले, आदोळी पणजीच्या आईची आहे हे मात्र फक्त आजीने सांगितलेले असल्यामुळे ती कुठे ठेवावी यावर अर्धा तास वाद चालला. मी मध्ये पडले नाही.

दोन भावांची गोष्ट मी जशीच्या तशी सांगितली, फक्त नदीचे नाव जुवारी असे घातले आणि नकाशा काढला. ज्या मुलाने ते वाक्य बोलले होते तो काही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या डब्यातली करंजी त्या मुलीला दिली. याचा अर्थ त्याला इतिहास कळला असा मी लावत नाही. कदाचित त्याला करंजी आवडत नसेल. मुलीला मी वेगळे बोलावून ताईंनी सुचवलेले वाक्य सांगितले. तिने थोडा विचार करून विचारले, “मग जत्रेला मी आले तर चालेल?” तिच्या आईशी बोलून आम्ही तिला घेऊन गेलो.

बार्देशच्या सरांना सांगायचे आहे की तुमची खाजनाची सूचनाही घेतली आहे. जानेवारीत मानस पाहायला जायचे ठरले आहे, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून दिवस निवडणार आहोत.

आता एक नवी अडचण आली आहे आणि ती मला आधी सुचायला हवी होती. कर्नाटकातून आलेल्या मुलांनी सुतळीवर आपली, आई-वडिलांची, आजीची चिठ्ठी लावली, पण त्यापुढे ती थांबली. खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने सरळ विचारले, “बाई, यात आमचे काय आहे?” तेव्हा मला आठवले की गोव्याच्या कदंबांचे राज्य घाटावरही होते आणि खानापूर तालुक्यातील हळशी हे त्यांचे महत्त्वाचे ठाणे होते. मी त्याला म्हटले की ज्या राजांच्या नावाची बस तू रोज पाहतोस, त्यांचे एक मोठे ठाणे तुझ्या गावाकडेच होते. त्याचा चेहरा उजळला. मात्र माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

हळशीच्या भूवराह नरसिंह देवळाचे कोणी स्वतः काढलेले छायाचित्र असल्यास कृपया इथे द्यावे. देवळाचा बाहेरचा भाग आणि शिखर दिसेल असे हवे, म्हणजे तांबडी सुर्लाच्या चित्राशेजारी लावून दोन्हींत काय सारखे आहे ते मुलांनाच शोधायला सांगता येईल. तसेच गदग आणि हावेरीकडच्या मुलांसाठी असे काही सुचत असेल तर तेही लिहावे. माझ्या वर्गात तिकडची तीन मुले आहेत आणि त्यांच्या चिठ्ठ्या अजून आजीपाशीच थांबल्या आहेत.